नोकरी सांभाळून कादंबरी : वेळेचा जमाखर्च

(मंडळाच्या बेल्हे येथील वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते एका सहकारी पतसंस्थेत हिशोबनीस आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझे भाषण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि भोजन यांच्या मध्ये घातलेले आहे. सत्कार झालेली मुले आता आपापल्या मित्रांत जाऊन बसली आहेत आणि मंडपामागून आमटीचा वास येऊ लागला आहे. अशा वेळी बोलावयास उभ्या राहणाऱ्या माणसाने आपली पायरी ओळखली पाहिजे. तेव्हा प्रास्ताविक फार न लांबविता विषयाकडे वळतो.

आपल्या मंडळातील काही तरुण सभासदांनी येत्या नोव्हेंबर महिन्यात प्रत्येकी एक कादंबरी लिहून काढण्याचा संकल्प सोडला आहे. ही मंडळी नोकरी करणारी आहेत. कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात, कोणी चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणारी. त्यांच्यापैकी दोघे मजकडे आले आणि म्हणाले, ‘काका, तुम्ही नोकरी सांभाळून हा उद्योग एकदा केला आहे. वेळ कसा काढलात, तेवढे आम्हांस सांगा.’ चिटणीसांच्या कानी ही गोष्ट गेली आणि त्यांनी मला येथे उभे केले.

मी साहित्यिक नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. आळेफाट्यास एका पतसंस्थेत मी गेली बावीस वर्षे हिशोबाच्या वह्या सांभाळतो. घरी बेल्ह्यास दीड एकर बागायत आहे. 2022 सालच्या नोव्हेंबरात मी लिहावयास बसलो, तेव्हा माझ्या एका मित्राने थट्टा केली की, ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरमहाराजांनी वेद वदविले त्याची समाधी आपल्या शेजारीच आळे येथे आहे, तेव्हा या पंचक्रोशीत हिशोबनिसाने कादंबरी लिहिली तर त्यात नवल ते काय! त्या थट्टेत तथ्य इतकेच होते की, वेद वदविणारा दुसराच कोणी होता. माझ्या बाबतीतही तसेच झाले. ते कसे, हेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम या उपक्रमाची माहिती देतो, कारण वडील मंडळींपैकी अनेकांस ती नसेल. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी ख्रिस बेटी नावाच्या एका तरुणाने 1999 सालच्या जुलै महिन्यात आपल्या मित्रांस गोळा करून एका महिन्यात प्रत्येकी एक कादंबरी लिहिण्याची टूम काढली. पहिल्या वर्षी अवघी 21 माणसे होती. पुढील वर्षापासून नोव्हेंबर महिना ठरला आणि ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ या नावाने हे प्रकरण जगभर पसरले. अट एकच : तीस दिवसांत 50,000 शब्द. म्हणजे रोजचे सुमारे 1,667. लिहिलेले कोणी वाचून पाहत नसे. शब्दसंख्या भरली की प्रशस्तिपत्र मिळे. ती चालविणारी संस्था 2025 साली बंद पडली. परंतु नोव्हेंबरात लिहावयास बसण्याची प्रथा मात्र अनेकांनी आपली आपण चालू ठेवली आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्रजीत ‘इन द हाउस’ असे तीन शब्द मोजले जातात. आपण ‘घरात’ म्हणतो आणि एका शब्दात मोकळे होतो. तेव्हा मराठी लिहिणाराने इंग्रजांची शब्दसंख्या डोक्यावर घेणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने आपले धान्य मोजण्यासारखे आहे. माझ्या मते मराठीत चाळीस हजारांचा आकडा पुरेसा आहे. हे मला पुढे कळले. आरंभी मी पन्नास हजारांच्याच मागे लागलो होतो.

एवढ्या त्वरेने कादंबरी होते का, असे कोणी विचारील. होते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात 9 फेब्रुवारी 1933 रोजी लिहावयास घेतली आणि 13 फेब्रुवारीस ती पुरी केली. पाच दिवस! आमच्या तरुण मित्रांस हा दाखला फार आवडतो. मला तो सावधपणे घ्यावासा वाटतो. त्या पाच दिवसांच्या मागे गुरुजींचे सारे बालपण उभे होते. ते त्यांस रचावयाचे नव्हते, आठवावयाचे होते. शिवाय तुरुंगात माणसाला सक्तीचे काम सांगतात, पण बाजारहाट सांगत नाहीत, वीजबिलाच्या रांगेत उभे करीत नाहीत आणि पाहुणे आले म्हणून उठवीत नाहीत. प्रपंचात राहून लिहिणाराला हा दाखला फारसा उपयोगी नाही.

त्यापेक्षा हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण आपणांस जवळचे आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. पुढे नगरपालिकेचेही काम त्यांनी केले. हे सर्व सांभाळून 1890 पासून त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक चालविले आणि त्यात आठवड्यामागून आठवडा कादंबरीची प्रकरणे दिली. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही याच रीतीने वाचकांच्या हाती पडली. अंक निघावयाचा तर प्रकरण झालेच पाहिजे, ही त्यांची शिस्त. मात्र या शिस्तीचा दुसरा परिणामही सांगावयास हवा : त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. एवढा मोठा माणूस, परंतु काळाचे गणित त्यालाही सर्वत्र जमले नाही. हे कळल्यावर मला स्वतःला थोडा धीर आला.

श्री. ना. पेंडसे मुंबईस बेस्टमध्ये नोकरीस होते. त्या नोकरीत असतानाच ‘एल्गार’ 1949 साली, ‘हद्दपार’ 1950 साली, ‘गारंबीचा बापू’ 1952 साली आणि ‘रथचक्र’ 1962 साली प्रसिद्ध झाली. मुंबईतील कचेरीत दिवस घालवून मनाने दापोलीकडच्या वाड्यांतून हिंडणे हे काही सोपे काम नव्हे. मालतीबाई बेडेकर, ज्यांना आपण विभावरी शिरूरकर म्हणून ओळखतो, त्यांनी सोलापूरच्या गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीत नोकरी केली आणि त्या अनुभवातूनच 1950 साली ‘बळी’ आली. तेव्हा नोकरी ही लेखनाची सवतच असते, ही समजूत सोडून द्यावी. आमच्या पतसंस्थेच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या माणसांनी मला जेवढे दिले, तेवढे मी सुटीत डोंगरावर जाऊन बसलो असतो तर मिळाले नसते.

आता वेळेकडे येतो.

आपल्या भाषेत ‘वेळ काढणे’ असा शब्दप्रयोग आहे. विहिरीतून पाणी काढावे तसा वेळ काढता येतो, असे त्यावरून वाटते. परंतु आपण बेल्ह्याची माणसे. आणे पठाराच्या बाजूचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. विहिरीत पाणी आपोआप येत नाही, आणि एकाने जास्त उपसले की शेजारच्या विहिरीचा तळ दिसू लागतो, हे येथील लहान मुलालाही कळते. वेळेच्या बाबतीत मात्र हे आपल्या ध्यानात राहत नाही.

लिहावयास बसण्यापूर्वी ऑक्टोबरात मी आठ दिवस वेळेची रोजकीर्द लिहिली. पतसंस्थेत रोजच्या व्यवहारांची लिहितो तशीच. किती वाजता काय केले, किती मिनिटे गेली. त्यातून दोन गोष्टी कळून आल्या. पहिली अशी की, दिवसाला जवळजवळ पावणेदोन तास मी हातातील मोबाईलवर घालवीत होतो. हे पाहून मला मोठा आनंद झाला. पावणेदोन तास म्हणजे आपली कादंबरीच की! परंतु दुसरी गोष्ट त्याच वहीत नोंदलेली होती. हे पावणेदोन तास एकजात नव्हते. पाच मिनिटे येथे, सात मिनिटे तेथे, एस.टी.ची वाट पाहताना चार, जेवणानंतर दहा. देवळातील पेटीत जमलेली चिल्लर मोजावी तसा तो प्रकार. चिल्लर मोजून तिची नोट करून घेता येते. पाच-पाच मिनिटांचे मात्र दोन तास करून देणारी पेढी कोठेही नाही. लिहिणाराला सलग वेळ लागतो. पहिली वीस मिनिटे तर आदल्या दिवशी कोठे थांबलो होतो हे आठवण्यातच जातात.

आळेफाट्यास कचेरी सुटल्यावर एका टपरीवर आम्ही चौघे चहा पितो. त्यात पस्तीस मिनिटे जातात. तीही मी वहीत लिहिली होती आणि ती वाचवावी असा सल्ला कोणीही देईल. ती मी वाचविली नाहीत. माझी कादंबरी येथल्या सोमवारच्या बैलबाजारातील एका दलालाची आहे. रुमालाखाली बोटे धरून भाव कसा ठरतो, बोटांनी खोटे कसे बोलतात आणि खोटे बोलूनही शब्द कसा पाळतात, हे सारे मी त्या पस्तीस मिनिटांत ऐकलेले आहे. ज्यांस लिहावयाचे आहे त्यांनी असली मिनिटे वाचवू नयेत.

तर सलग दोन तास पाहिजेत. ते रात्री साडेनऊ ते साडेअकरा असे मी ठरविले. घरी पत्नीला सांगितले, आईला सांगितले, मुलीला सांगितले की, तीस दिवस मला रात्री कोणी हाक मारू नये. सांगितले म्हणतो, विचारले असे म्हणता येणार नाही. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबर अखेरीस आटोपली होती, ही एक सोय झाली. अडचण एकच होती. शेतीपंपाची वीज आमच्याकडे काही वार दिवसा, तर काही वार रात्री येत असे. रांगडा कांदा उभा, गव्हाची पेरणी झालेली. रात्रीच्या पाळीला पाणी भरावयास माणूस पाहिजे. एरवी ते मी करीत असे. मी शेजारच्या वस्तीवरील एका पोराला रोजंदारीवर लावले, पहिल्या आठवड्याचे पैसे हातावर ठेवले आणि मोकळ्या मनाने माडीवर जाऊन बसलो.

लेखन उत्तम चालले. पहिले चार दिवस तर मला स्वतःचेच आश्चर्य वाटे. पाचव्या दिवशी गाडी अडली, आठव्या दिवशी पुन्हा सुरू झाली. रोजचे शब्द मोजून मी शेवटच्या पानावर आकडा टाकीत असे. हिशोबनिसाला बेरजेचा मोह सुटत नाही. पंधरवडा उलटला तेव्हा सहकाऱ्यांत मी थोडी बढाईही मारू लागलो होतो.

17 तारखेच्या रात्री अकराच्या सुमारास पाणी पिण्यास मी खाली आलो. पडवीत दिवा जळत होता. आई भिंतीला टेकून बसली होती आणि मागचे दार नुसते लोटलेले होते. मी विचारले, ‘अजून जागी कशी?’

आई म्हणाली, ‘तुझं चालू दे. ती दोन वाजेपर्यंत येईल.’

‘कोण?’

‘कोण म्हणजे? पाणी भरायला गेलीय. तो पोरगा तीन रात्री आला आणि मग आलाच नाही. त्याच्या वस्तीवरचं कुत्रं वाघानं नेलं.’

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. जुन्नर तालुक्यात बिबट्याची दहशत काय असते ते आपणांस मी सांगण्याची आवश्यकता नाही. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र उगाच उभारलेले नाही. उसाच्या कडेने, रात्रीच्या अंधारात, बॅटरी घेऊन, पंधरवड्यातील जितक्या रात्री वीज रात्रीची होती तितक्या रात्री माझी पत्नी आणि तिच्या सोबतीला माझी चुलत भावजय अशा दोघी जाऊन दारे धरीत होत्या. मी वर माडीवर बैलाच्या दलालाची बोटे मोजीत होतो. माझ्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे, मागच्या बाजूला नाही. तेव्हा मला काही दिसले नाही हे खरे. परंतु मी पाहण्याचा यत्न केला होता असेही नाही. हरिभाऊंच्या त्या कादंबरीचे नावच मला त्या रात्री आठवले.

मी चपला घालून शेताकडे निघालो. बांधावर त्या दोघी होत्या. एक बॅटरी धरून उभी, एक खोऱ्याने पाट फोडीत होती. मी काही बोलण्यापूर्वीच पत्नी म्हणाली, ‘अहो, तुमचं आजचं झालं का?’

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाला मी त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. घरी आल्यावर मी जरा चढ्या आवाजातच विचारले की, मला का सांगितले नाही? ती म्हणाली, ‘तुम्ही तीस दिवसांचंच म्हणाला होता. तीस दिवस काढू म्हटलं. आणि सांगितलं असतं तर तुम्ही लिहिणं सोडलं असतं आणि मग वर्षभर घरात चिडचिड केली असती.’ यात असत्य असे काहीच नव्हते, म्हणून मी आवाज खाली आणला.

त्या दिवसापर्यंत माझ्या वहीत 26,000 शब्द जमा झाले होते. आम्हां हिशोब लिहिणाऱ्यांचा एक साधा नियम आहे : एका खात्यावर जमा पडले की दुसऱ्या कोणत्या तरी खाती ते नावे पडलेच पाहिजे, नाहीतर ताळा जुळत नाही. बावीस वर्षे मी हा नियम रोज पाळला आणि वेळेच्या वहीत मात्र एकच बाजू लिहीत बसलो. माझे दोन तास जमा. ते कोणाच्या नावे, हा रकाना कोराच.

पुढे मला एका परक्या लेखकाची गोष्ट वाचावयास मिळाली. इंग्लंडात अँथनी ट्रोलोप नावाचा कादंबरीकार होऊन गेला. तो पोस्टखात्यात 1834 सालापासून 1867 सालापर्यंत नोकरीस होता आणि त्या अवधीत त्याने कादंबऱ्यांची रास घातली. पहाटे साडेपाचला तो लिहावयास बसे. समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला 250 शब्द झालेच पाहिजेत असा त्याचा दंडक होता. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांस उपदेश करणारे लोक ट्रोलोपचे हे घड्याळ नेहमी पुढे करतात. परंतु त्याने आपल्या आत्मचरित्रात आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, ती ते सांगत नाहीत. त्याच्या पदरी एक म्हातारा मोतद्दार होता. धन्याला पहाटे उठवून कॉफी देण्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आपल्या यशाचे श्रेय इतर कोणाहीपेक्षा त्या मोतद्दाराकडे अधिक जाते, अशा अर्थाचे ट्रोलोपने लिहून ठेवले आहे. साडेपाचला लिहिणारा बसे, म्हणजे मोतद्दार त्याच्याही आधी उठत असला पाहिजे. पाच पौंड कमी की अधिक, तो वाद मी घालीत नाही. त्याने तो तास कोणाच्या नावे पडला ते लिहिले आणि त्याचे मोल दिले, हे मला महत्त्वाचे वाटते.

मी तीन दिवस लेखन बंद ठेवले. चौथ्या दिवशी, रविवार होता, आम्ही सर्व जण, चुलत भाऊ आणि भावजय यांच्यासह, ओसरीवर बसलो आणि पाळ्या ठरविल्या. रात्रीची वीज असेल त्या दिवशी मी आणि भाऊ असे दोघे पुरुष जाणार. त्या दिवशी लेखन नाही. दिवसाची वीज असेल तेव्हा मी पहाटे साडेचार ते सव्वासहा लिहिणार. त्या वेळी चहा माझा मी करणार आणि सव्वासहानंतर एक मिनिटही बसणार नाही, कारण मुलीचा डबा आणि आईचे औषध हे त्यापुढचे काम माझ्याकडे आले. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिने हे सर्व एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटविले आणि खाली माझी सही घेतली.

या व्यवस्थेत वेग अर्थातच मंदावला. 30 नोव्हेंबर आला आणि गेला. 11 डिसेंबरच्या रविवारी मी शेवटचे प्रकरण पुरे केले. एकंदर 41,300 शब्द झाले. अमेरिकन हिशोबाने मी नापास. प्रशस्तिपत्र मिळाले नाही. पत्नीने मात्र त्या दिवशी पुरण घातले. ती कादंबरी अद्याप छापलेली नाही. दोनदा पुन्हा लिहून काढली आहे. पहिल्या खर्ड्यात त्या दलालाची बायको सव्वीस हजार शब्दांत दोनच वाक्ये बोलली होती आणि ती दोन्ही वाक्ये जेवायला वाढण्यासंबंधीची होती, असे मला दुसऱ्यांदा वाचताना आढळून आले. आता ती पुष्कळ बोलते. इतके की, आमच्या भावजयीने ते ऐकून ‘ही कोण, ते मी ओळखलं’ असे म्हटले.

तरुण मित्रांनी मजकडून काही व्यवहाराच्या गोष्टी मागितल्या होत्या, त्या थोडक्यात सांगतो. आठ दिवस वेळेची रोजकीर्द आधी लिहा. पाळीची नोकरी असेल तर रात्रपाळीच्या आठवड्यात लिहिण्याचा हट्ट धरू नका. झोप मोडून यंत्रापुढे उभे राहणे ही वीरश्री नव्हे. रोजचे लेखन एखादे वाक्य अर्धवट ठेवून थांबवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी आरंभ करणे सोपे जाते. मार्चअखेर ज्यांच्या कचेरीत हिशोब असतो त्यांनी फेब्रुवारीत हा उद्योग करू नये. महिना नोव्हेंबरच पाहिजे असे शास्त्र नाही. ज्यांची कांदालागवड नोव्हेंबर-डिसेंबरात असते त्यांनी मृगापूर्वीचा महिना पाहावा. एवढेच.

आता भगिनींविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मला बसता येणार नाही. संकल्प सोडणाऱ्या सभासदांची यादी चिटणीसांनी मला दाखविली. अकरा नावे आहेत. अकराही पुरुषांची. आमच्या भगिनींना लिहावयाचे नाही असे नाही. या स्मरणिकेत दरवर्षी त्यांचे लेख येतात, फक्त ते पाककृती आणि रांगोळी यांच्या पानात असतात. मला फलटणच्या बेबीताई कांबळे यांची आठवण होते. दुकान सांभाळता सांभाळता, गिऱ्हाईक नसेल तेवढ्या वेळात त्यांनी आपल्या समाजाची आणि आपल्या आयुष्याची कथा लिहिली आणि कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते कागद लपवून ठेवले. पतीलाही कळू दिले नाही. आणि हे वीस वर्षे चालले होते. ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपाने निघाले. आपण पुरुषमंडळी वेळ कसा काढावा याची चर्चा लाऊडस्पीकरवरून करतो आहोत, आणि एका बाईला आपण वेळ काढल्याचे वीस वर्षे लपवावे लागले. मी तीस दिवसांचे जे जाहीर केले तेवढे जाहीर करण्याची सोयदेखील त्यांस नव्हती.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी एक विनंती ठेवितो. आपले हे कार्यालय वर्षातून फार तर वीस दिवस उघडते. लग्नसराईत काही दिवस आणि संमेलनाला दोन दिवस. येत्या नोव्हेंबरात ते रोज दुपारी दोन ते चार उघडे ठेवावे आणि ती वेळ केवळ भगिनींसाठी असावी. दोन टेबले, सहा खुर्च्या आणि पिण्याचे पाणी, एवढेच लागेल. दोन ते चार या वेळात ज्यांची लहान मुले घरी असतील त्यांची मुले कोणी पाहावयाची, हे त्या त्या घरातील पुरुषांनी आजच सांगावे. रविवारी माझी पाळी मी येथेच जाहीर करतो. इतर वारांसाठी या टेबलावर एक कागद ठेवलेला आहे. माझ्या मुलीने त्यावर रकाने आखून दिले आहेत. एक रकाना वाराचा, दुसरा वेळेचा, तिसरा ती वेळ कोणाकडून घेतली त्याचा.

संकल्प सोडलेल्या अकरा जणांनी भोजनाला जाण्यापूर्वी त्या कागदावर आपली नावे लिहावीत, आणि तिसरा रकाना घरी विचारून आल्यावर भरावा. कार्यालयाची किल्ली सध्या उपाध्यक्षांच्या घरी खुंटीला असते असे मला समजले आहे. ती कोणाकडे द्यावयाची ते अध्यक्षमहाराजांनी कृपा करून याच सभेत सांगावे.